चपला पडल्या त्या जागी

मित्रांनो, दाराच्या मागे, केरसुणी आणि छत्री यांच्यामध्ये जी काठी उभी आहे ती मी. समुद्राच्या काठावर उभं राहून मासे धरायची, तीन तुकड्यांची गळाची काठी. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे का, याची मला अजूनही खात्री नाही. मी कधी बोटीवर गेले नाही, की हाताएवढा मासा धरून कुणाच्या फोटोत उभी राहिले नाही. शिवाय आता मी थकले आहे आणि थकलेल्याला सगळं नीट क्रमाने आठवत नाही. तरी सांगते. कुठे चुकले तर मोठ्या मनाने सोडून द्या.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. काचेच्या बारीक धाग्यांचं कापड लोखंडी सळईवर गुंडाळलं, त्याला राळ पाजली आणि मला भट्टीत घातलं. बाहेर आले तेव्हा मी आतून पोकळ होते आणि वाकवलं तरी मोडत नव्हते. माझ्या अंगावर कड्या बसवल्या. त्यांतून तंगूस जायचा, म्हणजे नायलॉनची ती बारीक दोरी. तिन्ही तुकडे जोडले की मी बारा फुटांची होई. माझ्याबरोबर त्या दिवशी चाळीस काठ्या निघाल्या. त्यांचं पुढे काय झालं, कोण जाणे.

मला एका घड्याळजीने विकत घेतलं. समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तो इवल्या इवल्या चाकांशी बोले आणि संध्याकाळी मला खांद्यावर टाकून वाळूत उतरे. बोलणं त्याला फारसं जमत नसे. त्याची बायको म्हणायची, "यांना चावी दिल्याशिवाय आवाजच निघत नाही." पण माणूस कसबी होता. नवशिक्यांसारखा तो आल्या आल्या गळ टाकत नसे. ओहोटीला, पाणी मागे गेलं की येई आणि वाळू नुसती बघत उभा राही. कुठे उंचवटा आहे, कुठे काठाला समांतर चर पडला आहे, हे डोक्यात ठेवी. मग भरती चढू लागली की त्या चरातच गळ सोडी. लाटा वाळू उकरतात, वाळूतले किडे चरात जमतात आणि मासे त्यांच्यामागे अगदी काठापाशी येतात. ही गोष्ट घड्याळजीला ठाऊक होती आणि त्याच्यामुळे मला. त्याने ती कुणाला शिकवली नाही. कुणी विचारलीही नाही.

कौतुक मात्र माझं खूप झालं. पाहुणे आले की तो मला कोपऱ्यातून काढून दाखवी. मग त्याची बायको आजारी पडली. एका संध्याकाळी कुणीतरी धावत वाळूवर बोलवायला आलं आणि तो मला तशीच खाऱ्या अंगाने घरी घेऊन गेला. ती गेली आणि त्यानंतर तो समुद्रावर आला नाही. मला माळ्यावर टाकलं, जुन्या चादरींखाली. मिठाने माझे सांधे धरले, दोरी गुंडाळायची चकरी गंजून घट्ट झाली. तरी खाली कुणी आलं की घड्याळजी म्हणे, "माळ्यावर माझी काठी आहे हं. अशी काठी आता मिळत नाही." मी वरून ऐके. कौतुक ऐकायला बरं वाटतं, मित्रांनो, पण त्याने मीठ निघत नाही.

अशी किती वर्षं गेली, मोजली नाहीत. मग एकदा दुपारी माळ्याचं दार उघडलं आणि एका बाईचा हात चादरी ओढू लागला. ही घड्याळजीची सून. हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती काम करी. पहाटे उठून सहाला कामावर, दोनला सुटका. दिवसाला शेकडो चादरी झटकायच्या आणि घड्या करायच्या. तिचा नवरा दूर कुठेतरी पूल बांधायच्या कामावर होता, दोन महिन्यांतून एकदा यायचा. आणि घरात घड्याळजी. पण तो पूर्वीचा नाही. चार महिन्यांपूर्वी त्याला झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागे आणि शब्द घशातच अडकत. सकाळी शेजारची शिवणवाली येऊन बसे. दुपारपासून पुढचं सगळं सुनेवर.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. पेला, मांजर, खुर्ची. सून समोर धरी आणि म्हणे, "बाबा, हे काय? मां... मां..." घड्याळजी डाव्या हाताने पत्ता उलटा करून ठेवी आणि खिडकीकडे तोंड फिरवी. बाईंनी बजावलं होतं, की बोलायची सवय आत्ता लागली तर लागली, उशीर झाला तर शब्द कायमचे जातील.

त्या दुपारी सुनेने चादरींबरोबर मलाही खाली ओढलं. धूळ झटकून ती मला मोरीत ठेवायला निघाली, तोच घड्याळजीचा डावा हात वर आला. नुसता वर आला आणि राहिला. ती थांबली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"ही? ही हवी?" ती म्हणाली. "बाबा, मला कपड्याला चिमटा लावता येतो, मासे कुठले धरता येतात?"

पण हात खाली जाईना. चार महिन्यांत त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. तिने उसासा टाकला, शिवणवालीकडून मशिनच्या तेलाची कुपी आणली आणि माझ्या चकरीत थेंब थेंब सोडू लागली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं जाऊ लागलो. एका काखेत मी, दुसऱ्या हाताला सासरा, पाठीवर घडीची खुर्ची. दोन गल्ल्यांना अर्धा तास लागे. वाळू ओली असे तिथे ती खुर्ची मांडी, त्याच्या चपलांचे पट्टे घट्ट करी आणि पुस्तकाच्या दुकानातून आणलेल्या एका पातळशा पुस्तिकेचं पान उघडे. बिचारीने मन लावून वाचलं होतं. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी, हे तिने बरोबर केलं. कोलंबीचा तुकडा गळात बरोबर ओवला. पण चकरीवर दोरी अडवून धरणारी तारेची कडी उघडायची विसरली. तिने मला मागे नेलं आणि सगळा जीव लावून झटकलं. चादरी झटकणारे हात ते! दोरी जागच्या जागी ताड्कन तुटली. वजनाचं शिसं गेलं, गळ गेला, कोलंबी गेली. मी तेवढी राहिले.

दुसऱ्या वेळी कडी उघडली, पण मागे बघायचं राहिलं. गळ समुद्राकडे न जाता मागच्या एका गृहस्थाच्या टोपीत जाऊन रुतला आणि टोपीसकट पाण्यात पडला.

"अहो वहिनी!" ते गृहस्थ ओरडले. "टोपीला मासे लागतात असं कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"चुकलं हो काका. पहिलाच दिवस आहे."

"ते दिसतंच आहे. डोकं शाबूत ठेवलंत, उपकार झाले."

हे टोपीवाले काका. आगगाडीवर तिकीट तपासनीस होते, आता रोज काठी घेऊन वाळूवर. सल्ला देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "लांब फेका, वहिनी! अजून लांब! मासा काय तुमच्या दारात पाणी भरायला येणार आहे?" ते स्वतः गळ इतका दूर फेकत, की तो कुठे पडला ते कुणालाच दिसत नसे. त्यांना मासे मिळाल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. पण फेक बघत राहावी अशी होती. सुनेला वाटलं, शिकायचं ते हेच. ती रोज गुडघाभर पाण्यात शिरे आणि मला आणखी जोराने झटके. रोज गळ दूर जाई आणि रोज रिकामा येई.

मला कळत होतं. ती ज्या चरात पाय रोवून उभी राही, मासे तिथेच यायचे. ती त्यांच्या डोक्यावरून गळ फेकत होती. पण मला तोंड कुठे? आणि ज्याला तोंड होतं, त्याच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. खुर्चीत बसून तो डाव्या हाताने हवेत काहीतरी दाबी. "हळू, हळू" म्हणतायत, असं तिला वाटे.

तीन आठवडे असे गेले. ती थकत चालली होती. माझ्या मुठीवर तिची पकड रोज सैल पडे. मला ते सगळ्यांच्या आधी समजलं. घरी आल्यावर मला मात्र ती न विसरता गोड्या पाण्याने धुई, फडक्याने पुशी. मग सासऱ्याचे पाय धुई, त्याला भरवी, भांडी घाशी आणि कधी कधी ओट्याला टेकून उभ्या उभ्याच डोळे मिटी. दर रविवारी नणंदेचा फोन येई. ही घड्याळजीची थोरली मुलगी, डोंगरापलीकडच्या एका गावात शाळेची मुख्याध्यापिका. फोनवरचा तिचा आवाज मला दारामागेही ऐकू येई.

"कशी आहेस? दमतेस ना गं?"

"दमायला होतं, ताई."

"पण तू आहेस म्हणून आम्ही अगदी निश्चिंत आहोत हं. तुझ्यासारखी तूच."

फोन बंद झाला, की सून थोडा वेळ हातातल्या फोनकडे बघत बसे.

मग तो बुधवार आला. त्या दिवशी धुलाईघरातल्या दोघी आल्या नव्हत्या, हिने तिघींचं काम केलं होतं. तरी ती आली. पहिल्या फेकीला दोरीचा गुंता झाला. दुसरी फेक अर्धवट पडली. तिने मला तिसऱ्यांदा मागे नेलं, तोच तिच्या कानाजवळून काहीतरी सूं करत गेलं आणि तिच्या उजवीकडे, काठापासून दहा पावलांवर पाण्यात पडलं.

घड्याळजीची चप्पल.

तिने वळून बघितलं. म्हातारा एका पायात चप्पल घालून खुर्चीत बसला होता. चेहरा लालबुंद, डावा हात अजून फेकलेलाच.

"बाबा! चप्पल फेकून मारलीत मला?"

टोपीवाले काका दुसरीकडे बघू लागले. चप्पल दिसेनाशी होईपर्यंत सून बघत राहिली, मग माझे तुकडे सोडवले, खुर्ची घडी केली आणि एका पायाने अनवाणी असलेल्या सासऱ्याला धरून घरी आणलं. मला त्या दिवशीही तिने धुतलं. मग फोन उचलला. त्या दिवशी रविवार नव्हता.

"ताई, बाबांना घेऊन जा. मला नाही झेपत आता."

मग ताई म्हणाल्या, "शनिवारी येते. इथेच राहतील मग ते."

आतल्या खोलीत घड्याळजी जागाच होता. त्याला सगळं ऐकू गेलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण कॉटचं करकरणं एकदम थांबलं. डोंगरापलीकडे समुद्र नाही, मित्रांनो. एकदा तिकडे गेला, की त्याचा आणि पाण्याचा संबंध संपला आणि माझा पुन्हा माळा. सुनेची तरी काय चूक? मी तिचा हात रोज ओळखत होते. तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

शनिवारी दुपारी तिने त्याची पिशवी भरली. चार सदरे, औषधं, ते चित्रांचे पत्ते. ताईंची बस संध्याकाळची होती. मग ती माझ्यासमोर उभी राहिली. "चला," ती म्हणाली. "शेवटचं एकदा. मारायची असेल तर दुसरीपण मारून घ्या." आणि खरंच, तिने त्याच्या डाव्या पायात ती एकटी उरलेली चप्पल घातली आणि उजव्या पायात नवऱ्याचा जुना बूट. येणारेजाणारे बघत होते. तिला त्याचं काही राहिलं नव्हतं.

भरती चढत होती. ती पाण्यात शिरली, मला मागे नेलं, आणि सूं! चप्पल आली. तिच्या अंगावर नाही. उजवीकडे, काठापासून दहा पावलांवर. बुधवारची पडली होती तिथेच.

सून ओरडायला वळली आणि थांबली. पुन्हा पाण्याकडे बघितलं. चप्पल लाटेबरोबर बाहेर येत नव्हती आणि आतही जात नव्हती. एकाच जागी गोल गोल फिरत होती. तिथलं पाणी आजूबाजूच्यापेक्षा गडद दिसत होतं. चादरीवरचा डाग लांबूनही ओळखणारे डोळे ते. तिला तो गडद पट्टा काठाला धरून दूरपर्यंत गेलेला दिसला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "इथे टाकू?"

घड्याळजीने मान हलवली. इतक्या जोराने, की खुर्ची करकरली.

ती पाण्यातून मागे आली. कोरड्या वाळूवर उभी राहिली आणि गळ नुसता सोडला, पापडाचं ताट सरकवावं तसा. टोपीवाले काका म्हणाले, "अहो वहिनी, तिथे काय गुडघे बुडतात का माशाचे?" त्यांचं वाक्य पुरं होतं न होतं तोच माझं टोक खाली गेलं.

मित्रांनो, तो धक्का किती वर्षांनी मिळाला, हे मला सांगता येत नाही. तिच्या हातांनाही तो कळला. "लागला! बाबा, लागला!" ती चकरी फिरवू लागली. मासा फार मोठा नव्हता, वीतभरापेक्षा थोडा जास्त. पण जोरकस होता. लाटेच्या फेसात त्याची रुपेरी कूस दिसली आणि नवशिके जे करतात तेच तिने केलं. आनंदाच्या भरात मला सरळ आभाळाकडे उभं केलं आणि मासा पाण्यातून उचलायला गेली. मासा तसा उचलायचा नसतो. दोरी ताणून धरायची, एकेक पाऊल मागे यायचं आणि पुढच्या लाटेलाच तो वाळूवर आणून टाकू द्यायचा. काम लाटेचं असतं, काठीचं नाही.

"लाट!" मागून आवाज आला. घोगरा, गंजलेला. "लाट... गाढवा! ला-ट!"

तेवढ्यात मी मोडले. वरचा तुकडा टोकापासून दोन फुटांवर कड्कन तुटला. दुखलं का, तर हो. पण दोरी शाबूत होती. सून मला धरून मागे मागे आली, लाट आली आणि लाटेनेच मासा सुनेच्या पायाशी आणून ठेवला.

"बाबा बोलले?"

हा आवाज माझ्या ओळखीचा होता, फोनमधला. वाळूच्या वरच्या अंगाला ताई हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या. आधीची बस मिळाली होती. शिवणवालीने त्यांना इकडे पाठवलं होतं.

"मला गाढव म्हणाले," सून म्हणाली आणि रडायला लागली. की हसायला, ते नीट कळत नव्हतं. "ताई, इतक्या महिन्यांनी बोलले आणि मला गाढव म्हणाले!"

ताईंनी वडिलांच्या पायांकडे बघितलं. "आणि हे काय? एका पायात बूट, एक पाय उघडा! चपला कुठायत बाबांच्या?"

"समुद्रात."

"समुद्रात?"

"त्यांनीच फेकल्या हो," टोपीवाले काका मधे पडले. "नेम मात्र पक्का आहे म्हाताऱ्याचा."

घरी आल्यावर चहा झाला. मी टेबलावर आडवी होते, तुटका तुकडा शेजारी. भरलेली पिशवी दाराशी. ताई म्हणाल्या, "इतकी दमली होतीस तर आधी सांगायचंस ना गं."

"सांगत होते की. दर रविवारी."

"मी काय म्हणायचे?"

"तू आहेस म्हणून आम्ही निश्चिंत."

ताईंचा कप बशीवर वाजला. मुख्याध्यापिका त्या, इतरांच्या चुका दाखवायची सवय. स्वतःची समोर आली तेव्हा कुठे बघावं ते त्यांना कळेना. शेवटी त्या वडिलांकडे वळल्या.

"बाबा, माझ्याकडे यायचं का इथे राहायचं? तुम्ही म्हणाल तसं."

घड्याळजीचे ओठ हलले. खूप वेळ हलले. घरातल्या कुणी त्याला शब्द सुचवला नाही. मग त्याने सुनेकडे बोट केलं. "ति... तिला," तो म्हणाला. "झोप."

राहायचं की जायचं, हे त्याने सांगितलंच नाही. त्याला सांगायचं होतं ते एवढंच होतं.

सून संध्याकाळी जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. तोवर ताईंनी सासऱ्याचं, म्हणजे आपल्या वडिलांचं, सगळं केलं होतं आणि अंघोळ घालतानाच ताईंची स्वतःची कंबर आखडली होती. दाराशी ठेवलेली पिशवी त्यांनीच रिकामी केली. त्या आठ दिवस राहिल्या. जाताना म्हणाल्या, "दर महिन्याला आठ दिवस मी येणार. आणि तुझ्या नवऱ्यालाही फोन केलाय, तोही दर महिन्याला आठ दिवस येईल. नाही आला तर मला सांग, त्याचा कान अजून माझ्या हाताला लागतो." आतापर्यंत तरी दोघं येतात. पुढचं कुणी सांगावं?

माझं म्हणाल, तर मी आता दहा फुटांची आहे. तुटक्या टोकाला घड्याळजीने आणि सुनेने मिळून नवी कडी बांधली. त्याचा डावा हात दोरा धरी, तिचा उजवा हात मला फिरवी. आता माझ्याने गळ लांब फेकला जात नाही, त्याची गरजही पडत नाही. टोपीवाले काकासुद्धा हल्ली काठापाशीच गळ टाकतात आणि हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं असं सांगतात. घड्याळजीला दिवसाला दहा-बारा शब्द येतात. त्यातले निम्मे शिव्यांचे आहेत.

मित्रांनो, तुम्हीही कधी वाळूवर काठी घेऊन गेलात, तर आधी जवळचं पाणी बघा. मागे कुणी नाही ना, ते बघा. काठीला गोड्या पाण्याने धुवा. आणि घरात कुणी कुणाला दिवसरात्र धरून उभं असेल, तर त्याला शाबासकी देऊन निघून जाऊ नका. जरा वेळ आपण धरा. हात किती भरून येतो, ते धरल्याशिवाय कळत नाही.